सामानसुमान : सहा महिने, दोन देश आणि २३ किलो

परदेशी निघालेल्यांच्या सामानाबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. काही मजकुरासकट घेतली आहेत, काहींची उत्तरं एकमेकांत मिसळली आहेत. नेहमीसारखीच सूचना : विमान कंपनीचा नियम तुमच्या तिकिटावर छापलेला असतो, माझ्या सदरात नाही. आधी तिकीट वाचा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, आमचे हे बँकेतून निवृत्त. मे महिन्यात आम्ही दोघं म्युनिकला लेकीकडे निघालोय. तिथे अडीच महिने राहायचं, त्यातले आठ-दहा दिवस इटलीत फिरायचं, आणि मग म्युनिकहूनच न्यू जर्सीला मुलाकडे. सप्टेंबरात सुनेचं बाळंतपण आहे, त्यामुळे परत यायला नोव्हेंबर उजाडेल. दोन्ही तिकिटांवर माणशी २३ किलोची एकच बॅग आणि हातातली ८ किलो. न्यायचं सामान असं : चार चादरी, टॉवेल-नॅपकिन, पाच किलो शेंगाचटणी, कडक भाकरी, डिंकाचे लाडू, काळा मसाला, कुकर, बाळंतविडा आणि आमचे कपडे. जावई म्हणतात, पैसे भरून आणखी एक बॅग घ्या. घ्यावी का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

बाई, तुमची यादी वाचली आणि काट्यावर चढवली. आयुष्य सोलापूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गेलेल्या माणसाचं यादी वाचून समाधान होत नाही, काटा हललेला दिसावा लागतो. आमच्या घरातली चादर दीड किलोच्या जरा वर गेली, म्हणजे चार चादरींचे सहा किलो. टॉवेल-नॅपकिन तीन. चटणी तुम्हीच पाच लिहिली आहे. भाकरी तीन, लाडू चार, मसाला दोन, कुकर झाकण-शिट्टीसकट तीन. झाले २६ किलो. तुमच्या दोघांच्या ४६ किलोंतले नऊ तर रिकाम्या बॅगाच खातात, कारण चाकांची मोठी टणक बॅग साडेचार किलोच्या आत क्वचित मिळते. दुकानात ती उचलून बघतो कोण? सगळे रंग बघतात. उरले ३७. त्यातून २६ वजा केले की ११ किलोंत दोन माणसांचे सहा महिन्यांचे कपडे, औषधं, चपला आणि बाळंतविडा. जावयांनी हाच हिशेब केला असणार.

तरीही जास्तीची बॅग घेऊ नका. पैशाचं सोडा, ती बॅग उचलणार कोण? सोलापूरच्या फलाटावर हमाल आहे, मुंबईत टॅक्सीवाला हात लावेल. पुढे तुम्ही दोघं आणि तीन मोठ्या बॅगा.

माल दोन प्रकारचा असतो, पोचवायचा आणि वापरायचा. पोचवायचा माल मुक्कामी उतरला की त्याची जागा मोकळी होते. वापरायचा माल परत येईपर्यंत तुमच्या मानगुटीवर बसतो. तुमच्या यादीत गोंधळ असा झालाय की अमेरिकेला पोचवायचा माल अडीच महिने जर्मनीत मुक्काम करून पुढे जाणार आहे. कुकर सुनेसाठी, लाडू सुनेसाठी, अर्धा मसाला सुनेसाठी. हे सगळं म्युनिकला उतरवायचं, कपाटात ठेवायचं, पुन्हा भरायचं आणि दुसऱ्या तिकिटावर पुन्हा तोलून द्यायचं. बिल्टी थेट न्यू जर्सीची आणि गाडी मात्र म्युनिकची, अशातली गत.

न्यू जर्सीत एडिसन आणि इझलिनच्या मधून ओक ट्री रोड जातो. आपल्या किराण्याची, कपड्यांची, मिठाईची दुकानं रांगेनं आहेत. कुकर तिथे मिळतो, डाळी मिळतात, मसाले मिळतात. मुलाला एक फोन करून तुमच्या यादीतलं काय काय तिथे मिळतं ते विचारा आणि मिळेल ते खुशाल खोडा. जे सोलापूरशिवाय मिळत नाही तेवढंच न्या. माझ्या मते त्या म्हणजे दोनच गोष्टी, चादर आणि उखळात कुटलेली चटणी. दोन चादरी लेकीला, दोन नातवाला. टॉवेल मात्र खोडा. सोलापूरचे टॉवेल जगभर जहाजानं जातात, तुम्ही ते विमानानं न्यायचं कारण नाही.

लाडवांचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे वजनाखेरीज कस्टमचाही प्रश्न आहे. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे, खवा, पनीर, साजूक तूप, सगळं त्यात आलं. तुपातल्या लाडवावरून म्युनिकच्या विमानतळावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. नुसता डिंक न्या, पावशेर पुरेल. डिंक तळला की फुलतो. फुललेला डिंक, त्यावर तूप, त्यावर गूळ असं वजन इथून कशाला वाहायचं? तूप-गूळ-खारीक ओक ट्री रोडला घ्या आणि लाडू सुनेच्या स्वयंपाकघरात वळा. ताजेही होतील. अमेरिकेत उतरताना खाण्याचं जे काही जवळ असेल ते विचारल्यावर सगळं सांगायचं. सांगितलेली चटणी फार तर काढून घेतील, लपवलेल्या चटणीला दंड होतो.

काळ्या मसाल्यात सुकं खोबरं आणि खसखस असते. कुटलेला मसाला वेगळा, पण खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत घालू नका. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात धोकादायक मालात मोडतं. आपल्याकडे बऱ्याच जणांना हे तपासणीच्या पट्ट्यावरच कळतं, आणि मग देवीच्या ओटीच्या वाटीवरून वाद होतो.

चटणी हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत ठेवा. अमेरिकेच्या विमानांना हातातली ३५० मिलिलिटरच्या वर भुकटी असली तर वेगळी तपासणी होते, आणि शेंगाचटणी काही गंधाच्या डबीएवढी कुणी नेत नाही. ती तेल सोडते, म्हणून दोन पिशव्यांत बंद करून मग डब्यात. विमानात ती उघडू नका. शेजारच्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असू शकते आणि ती जीवावरची असते.

आता कपडे. सहा महिन्यांना सहा महिन्यांचे कपडे लागत नाहीत, आठवड्याचे लागतात, कारण लेकीकडे आणि मुलाकडे दोन्हीकडे धुलाईचं मशीन आहे. तुम्ही उन्हाळ्यात युरोपात आणि पानगळीत न्यू जर्सीत असणार. थंडीचा कोट नव्या पेठेतून घेऊन अडीच महिने म्युनिकच्या कपाटात लटकवण्यापेक्षा मुलाला सांगा, तो तिथे घेईल. त्यालाच तिथली थंडी ठाऊक. सर्वांत जड बूट पायात, स्वेटर अंगात. विमानात तशीही थंडी वाजते.

निर्वात पिशव्यांची जाहिरात बघून त्या मागवू नका. हवा काढली की आकार कमी होतो, वजन तेवढंच राहतं. बॅगेत जागा दिसते, आपण आणखी भरतो आणि काटा २७ दाखवतो. त्या पिशव्यांचे पैसे स्प्रिंगच्या किंवा डिजिटल टांगत्या काट्यावर घाला, आणि तो काटा बरोबर न्या, येताना लागेल. २३ चा नग २१ वरच थांबवायचा. आणखी एक आकडा लक्षात असू द्या, ३२. पैसे भरून वजन वाढवलं तरी एक नग ३२ किलोच्या वर बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत, कारण तो खाली कुणाला तरी पाठीवर घ्यावा लागतो. आमच्या हमालांना हे कळायचं, साहेबांना कळायचं नाही.

इटलीला मोठ्या बॅगा नेऊ नका. परत म्युनिकलाच येणार आहात ना, मग त्या लेकीच्या घरी. माणशी एक छोटी बॅग आणि एक खांद्याची पिशवी. तिकडच्या आगगाडीत कुणी वजन करत नाही, पण डब्यात चढवायची आणि वरच्या फळीवर टाकायची ती आपणच, लाल डगलेवाला येत नाही. व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडलं की समोर कालवा. गाडी नाही, रिक्षा नाही, आणि पुलाला पायऱ्या. स्टेशनात सामान ठेवायची सोय आहे, दिवसभर फिरायचं असेल तर तिथे ठेवा. आणि इटलीला स्वस्तातल्या विमानानं जायचं ठरलं तर बॅगेचं तिकीट माणसाच्या तिकिटापेक्षा महाग पडू शकतं. त्या तिकिटात सीटखाली मावेल एवढीच पिशवी फुकट असते.

बॅगा भरताना नवऱ्याची एक आणि बायकोची एक अशी वाटणी करू नका. दोघांचे निम्मे कपडे एकीत, निम्मे दुसरीत. एक मागे राहिली तर एकावरच नेसत्या वस्त्रानिशी राहायची वेळ येत नाही. औषधं मात्र सगळी हातात, मूळ पाकिटात, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. बाळंतविडाही हातातच. वजन नाही, आणि हरवला तर भरून मिळत नाही. त्यात बाळाचं सोनं असेल, किंवा तुमच्या अंगावर परत आणायचे दागिने असतील, तर निघताना मुंबईच्या कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. नोव्हेंबरात येताना 'हे इथूनच नेलं होतं' हे सिद्ध करायला तो कागद लागतो. त्यासाठी विमानतळावर लवकर पोचा.

येतानाचं वजन वेगळं. मुलं चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि आपले जुने जॅकेट देतात. जॅकेट नाकारायला शिका.

प्रश्न : दुबईला भावाकडे महिनाभर चाललेय. बातमी वाड्यात पसरली. आता शेजारच्या काकू भाच्यासाठी डबा देणार, समोरचे एक पाकीट देणार, आणि मावशींनी मसाल्याचं सामान आणून ठेवलंय. नाही कसं म्हणू?
– एक वाचक, साखर पेठ

ताई, काउंटरवर विचारतात, बॅग तुम्ही स्वतः भरली का? दुसऱ्यानं काही दिलंय का? खरं उत्तर देता येईल अशीच बॅग भरायची. पाकीट उघडून दाखवत असतील तर बघू, चिकटवलेलं असेल तर नाही.

मावशींचं सामान स्वतः निवडा. खसखस असेल तर काढून ठेवा, चिमूटभरसुद्धा नेऊ नका. आपल्याकडे ती अनारशाला लागते, संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांत गणली जाते. सिंगापूरलाही चालत नाही. तिथे 'मावशींनी दिली' या उत्तराला किंमत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या कुणी पाठवत असेल तर तेही नाही. तुमच्या स्वतःच्या असतील तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी काढावी लागते.

नाही म्हणायला काट्याचा आधार घ्या. बॅग भरा, दारात टांगत्या काट्याला अडकवा आणि काकूंना आकडा वाचायला सांगा. मी 'नियम नाही' म्हटलं की लोक भांडायचे, काटा दाखवला की गप्प व्हायचे.

प्रश्न : आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे. जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला जाणार, तिथून परस्पर टोकियोला एका ग्राहकाकडे आणि मग आठवडाभर जपान फिरणार. वडील म्हणतात, दोन बॅगा भरून सॅम्पल ने. सॅम्पल आणि माझं सामान मिळून ६० किलो होतंय.
– एक वाचक, अशोक चौक

दादा, वडिलांच्या काळात ग्राहक टॉवेल पसरून बघायचा. अजूनही बघतो, पण सगळे नाही. तुमच्याच धंद्याचा हिशेब तुम्हाला सांगतो. ७० बाय १४० सेंटिमीटरचा ५०० जीएसएमचा (चौरस मीटरला ५०० ग्रॅम) टॉवेल अर्ध्या किलोला जरासाच कमी भरतो. असे चाळीस नेले की वीस किलो गेले. तेच कागदाच्या पानाएवढे तुकडे कापले तर एक तुकडा तीसेक ग्रॅमचा. चाळीस डिझाइनं सव्वा किलोत बसतात. पूर्ण टॉवेल फक्त चार-पाच, तेही ज्यांच्या काठावर आणि जॅकार्डच्या नक्षीवर बोलायचंय तेवढेच. कापलेल्या किंवा भोक पाडलेल्या नमुन्याचा आणखी एक फायदा : तो विकता येत नाही, त्यामुळे कस्टमवाला त्याला माल समजून कर मागण्याची शक्यता कमी होते. अख्खे, घडी घातलेले, लेबल लावलेले चाळीस टॉवेल घेऊन 'हे सॅम्पल आहे' म्हणालात तर त्याला हसू येईल.

स्टॉलच्या सजावटीचं सामान नेऊन परत आणायचं असेल तर एटीए कार्ने काढा. ते आपल्याकडे फिक्की ही उद्योगांची संघटना देते. मालाचं पासपोर्टच ते, नेलं आणि आणलं, मध्ये कर नाही. पण जे तिथेच वाटायचंय, सोडायचंय, ते त्यात घालू नका, परत आणलेलं दाखवावं लागतं. जाडजूड माल आधीच कुरियरनं स्टॉलच्या पत्त्यावर पाठवा, आणि त्याला प्रदर्शनाच्या तारखेआधी चांगला अवधी द्या.

आता जपान. तिथे मोठी बॅग घेऊन फिरणारा माणूस परका ओळखू येतो, कारण तिथली माणसं बॅग पुढे पाठवून देतात. यामातो नावाच्या वाहतूक कंपनीनं १९७६ मध्ये ताक्युबिन ही सेवा सुरू केली. काळ्या मांजराचं चिन्ह असतं. हॉटेलच्या काउंटरवर किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहायचा, आणि टोकियो-क्योटोसारख्या अंतराला बहुतेक वेळा ती दुसऱ्या दिवशी पोचते. मधल्या रात्रीपुरते कपडे खांद्यावर. आमच्या पार्सल ऑफिसात सुतळीनं बांधलेला नग दोन दिवस पडून राहायचा आणि मालक रोज चकरा मारायचा, त्यामुळे मला या मांजराबद्दल थोडी असूया आहे, हे लपवत नाही. परतीच्या विमानतळावरही बॅग अशीच पाठवता येते. मात्र एक-दोन दिवस आधी द्या, त्याच सकाळी नाही.

बुलेट ट्रेनमध्ये बॅग नेणारच असाल तर लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटर ही रेषा पाळा. त्याच्या वर, २५० पर्यंत, टोकियो-ओसाका मार्गावर मोठ्या सामानाच्या जागेची सीट आरक्षित करावी लागते. हा नियम मे २०२० पासूनचा. विमानाची नेहमीची मोठी बॅग १५८ ची असते, म्हणजे ती जेमतेम आत बसते. अशोक चौकातून घेतलेली ट्रंक बसणार नाही.

पॉवरबँक हातात ठेवायची, मोठ्या बॅगेत कधीही नाही. १०० वॉट-अवरपर्यंत चालते. २० हजार एमएएचची साधारण ७४ भरते. आकडा पुसलेली असेल तर घरीच ठेवा, काढून घेतात.

प्रश्न : लेकाकडून परत येताना माझी बॅग मुंबईला आलीच नाही. चार दिवसांनी घरी आली ती चाक तुटून, आणि आतला मिक्सर फुटलेला. विमान कंपनी म्हणते, विमानतळ सोडल्यावर तक्रार चालत नाही. खरं आहे का?
– एक वाचक, पंढरपूर

नाही, माउली, खरं नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो, आणि भारत त्यात २००९ पासून आहे. मोडतोडीची लेखी तक्रार बॅग हातात आल्यापासून सात दिवसांत करायची, उशिराची बॅग मिळाल्यापासून २१ दिवसांत. तुमचे सात दिवस सरले नसतील तर हे वाचून झाल्याबरोबर लिहा. ई-मेल चालतो. फोनवर बोललेलं धरू नका. बॅगेचं चिठोरं, बोर्डिंग पास, तुटलेल्या चाकाचे आणि मिक्सरचे फोटो, मिक्सरची पावती, आणि त्या चार दिवसांत नाइलाजानं काही घेतलं असेल तर त्याचीही बिलं जोडा. विमानतळावर बॅगेच्या तक्रारीचा पीआयआर नावाचा कागद भरला असेल तर त्याचा नंबर वर लिहा.

भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, रुपयांत पावणेदोन लाखांच्या आसपास. ही कमाल आहे, म्हणजे तेवढे मिळतातच असं नाही. मिक्सरचे आणि बॅगेचे मागा, पावतीनिशी मागा.

प्रश्न : मुंबई विमानतळ गाठायला सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं थ्री टायर एसीचं तिकीट आहे. दोघांचं ६२ किलो सामान आहे. टीसी अडवेल का?
– एक वाचक, होटगी रोड

हा प्रश्न माझ्या खात्याचा. थ्री टायर एसीला माणशी ४० किलो फुकट, स्लीपरलाही ४०, टू टायर एसीला ५०. तुम्ही दोघं, म्हणजे ८० झाले, ६२ नियमात आहे. अडचण वजनाची नाही, आकाराची. दोन मोठ्या बॅगा बर्थखाली शिरल्या तर ठीक, नाहीतर रात्रभर वाटेत राहतात आणि पहाटे कल्याण आलं की सगळ्यांच्या पायात येतात. निघायच्या आधी जमिनीपासून बॅगेची जाडी मोजा. २५ सेंटिमीटरच्या पुढे असेल तर वरचं पाकीट रिकामं करा, आणि बर्थ घेताना दोन्ही खालचे मिळतील असं बघा.